दाम पुरा द्या, मग दानाचं बोलू



गेल्या पंधरवड्यात पुण्याची नणंद मुलांना घेऊन आली होती. आमचं घर शिंगणापूरच्या वाटेवर, त्यामुळे आमच्याकडे आलेला पाहुणा शिंगणापूर केल्याशिवाय परत जात नाही. आपण जैन, आपण शनीला जावं का, हा वाद आमच्या घरात दर वेळी होतो आणि दर वेळी गाडी सुरू झाली की मिटतो. आज मी त्यात पडत नाही. मुलांना देवापेक्षा दारं नसलेली घरं बघायची होती. चौकटी आहेत, दारं नाहीत. युको बँकेनं २०११ साली इथे कुलूप नसलेली शाखा उघडली, तीही दाखवली. भाचा सातवीत आहे. त्यानं विचारलं, "मामी, इथे खरंच कोणी चोरी करत नाही?"

मी म्हटलं, "शनिदेव बघतोय म्हणून कोणी करत नाही, अशी लोकांची श्रद्धा आहे रे."

मुलांच्या हौसेखातर पूजेचं ताट घेतलं. तेलाची बाटली, काळी बाहुली, रुईच्या पानांची माळ. दुकानाच्या मागच्या बाजूला सावलीत एक बाई बसून माळा ओवत होती. ती ओळखीची निघाली. आमच्या गावच्या बांधांवरची रुई पहाटे तोडून नेते ती. चीक हाताला लागून बोटं काळी पडलेली. माझ्या हातातलं ताट बघून तिनं हळूच विचारलं, "भाभी, केवढ्याला दिलं ओ?"

मी सांगितलं. ती काही बोलली नाही. दातानं दोरा तोडला आणि पुढची माळ घेतली. तिला माळेमागे काय मिळतं ते मी नंतर विचारून घेतलं, पण तो आकडा इथे लिहीत नाही. कुणीतरी वाचायचं आणि उद्या तिचीच माळ घेणं बंद व्हायचं. एवढंच सांगते, ताटाच्या किमतीत तिचा वाटा शोधायला भिंग लागेल.

त्या संध्याकाळी प्रतिक्रमणाला बसले आणि तिसऱ्या व्रताशी आले तेव्हा अडखळले. वीस-पंचवीस वर्षं रोज म्हणते आहे, पण त्या दिवशी पहिल्यांदा मी काय म्हणते आहे ते ऐकलं. सख्यांनो, तुम्हीही म्हणता. आठवा. अचौर्य व्रताचे पाच अतिचार. चोरीचा माल घेणं, चोराला हातभार लावणं, राज्याच्या कायद्याविरुद्ध जाणं, खोटी तुला आणि खोटं माप वापरणं, चांगला माल दाखवून हलका देणं. उपासकदशांग सूत्रात आनंद श्रावकाला भगवान महावीर हे सांगतात. आनंद कोण होता? साधू नव्हता. मोठा गृहस्थ होता, जमीनजुमला, गुरं, व्यापार असलेला. भगवंतांनी त्याला कुणाचं कुलूप फोडू नको एवढंच सांगून सोडलं नाही. थेट त्याच्या तराजूपर्यंत गेले. अडीच हजार वर्षांपूर्वी.

आणि आपण मात्र अचौर्य म्हणजे कुणाच्या घरात न शिरणं, एवढ्यावर समाधान मानतो. मग शिंगणापूरच्या बिनदाराच्या घरांचं आपल्याला मोठं कौतुक. पण दार नसलं म्हणून चोरी थांबत नाही हो. ती काट्यावर होते, पट्टीत होते, "पुढच्या आठवड्यात या, बघू" या वाक्यात होते.

आता काही जणींच्या कपाळावर आठी पडली असेल, कारण आपल्यातल्या बऱ्याच घरांत आडत आहे, भुसार आहे, कापड आहे. माझ्याही माहेरी आडत होती. म्हणून तर मला बोलायचा अधिकार आहे असं मी समजते.

शिंगणापूरपासून पाच-सहा किलोमीटरवर घोडेगाव. तिथला कांद्याचा बाजार तुम्हाला माहीत आहे. हंगामात हायवेला ट्रॅक्टर आणि पिकअपच्या रांगा लागतात. ज्यांच्या घरात हा व्यवहार नाही त्यांच्यासाठी सांगते. शेतकरी गोण्या आणतो, लिलाव होतो, वजन होतं आणि मग त्याच्या हातात पट्टी पडते. पट्टी म्हणजे हिशेबाचा कागद. वर एकूण रक्कम, खाली हमाली, तोलाई, वाराई, गाडीभाडं. यातली हमाली-तोलाई रास्त आहे, हमालाच्या पाठीलाही दाम हवाच. पण काही ठिकाणी कागदावर न येणारीही एक गोष्ट असते, ती म्हणजे कडता. माल ओला आहे, माती आहे, गोल्टी निघाली, अमुक आहे, म्हणून वजनातूनच किलो-दोन किलो आधीच वजा. माझ्या लहानपणी आमच्याकडे मापारी वजन मोठ्यानं पुकारायचा. पुकारलेला आकडा आणि लिहिलेला आकडा कधी कधी वेगळा असायचा. मी तेव्हा दहा वर्षांची होते, मला वाटायचं लिहिणाऱ्याला कमी ऐकू येतं.

२०२३ च्या फेब्रुवारीतली गोष्ट तुम्ही पेपरात वाचली असेल. बार्शी तालुक्यातला एक शेतकरी सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा घेऊन गेला. भाव मिळाला किलोला एक रुपया. ५१२ रुपयांतून गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा जाऊन उरले दोन रुपये एकोणपन्नास पैसे. त्याला दोन रुपयांचा चेक मिळाला, तोही पुढच्या तारखेचा. आपण सगळ्यांनी तो फोटो एकमेकींना पाठवला, रडका चेहरा टाकला आणि पुढे गेलो.

एका मैत्रिणीनं तेव्हा मला लिहिलं होतं, "आपण कांदा खातच नाही, आपला काय संबंध?" मी तिला उत्तर दिलं नव्हतं, आज देते. कांदा-बटाटा आपण सोडला कारण तो अनंतकाय. सुईच्या टोकावर मावेल एवढ्यात अनंत जीव, त्यांना आपल्यामुळे इजा नको, ही केवढी मोठी दया. पण त्या गोणीशेजारी उभा असलेला पंचेंद्रिय जीव, टॉवेलनं तोंड पुसणारा, बायकोला फोनवर काय सांगावं म्हणून विचार करणारा, त्याच्यापर्यंत ती दया पोचायच्या आत संपते का? ताटातून कांदा गेला, तिजोरीतून गेला नाही. हे मला टोचतं.

न्यायानं हेही सांगितलं पाहिजे की शेतकऱ्याला मारणारा एकटा व्यापारी नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं कांदा निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं आणि डिसेंबरमध्ये निर्यातच बंद केली, ती २०२४ च्या मे महिन्यापर्यंत. शहरात कांदा महाग झाला की सरकार हलतं, बांधावर स्वस्त झाला की कुणी हलत नाही. पण सरकारचं प्रतिक्रमण सरकार करेल. आपण आपलं करतो ना?

इथे थोडं मागे जाऊ. कडू आहे, पण आपल्याच जिल्ह्याचं आहे. १२ मे १८७५, पुणे जिल्ह्यातलं सुपे, बाजाराचा दिवस. शेतकऱ्यांनी मारवाडी आणि गुजर सावकारांच्या दुकानांवर चाल केली. मग लोण नगर जिल्ह्यातही आलं. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. या सावकारांत आपले पूर्वजही होते, हे लपवून काय करायचं? त्या जमावाला हवे होते ते कागद. खतं, वह्या. कागद मुकाट्यानं दिले तिथे बहुतेक ठिकाणी माणसाला धक्का लागला नाही. विचार करा, काही ठिकाणी धान्याची दुकानंही लुटली गेली, पण मुख्यतः जाळले ते कागद. कारण लोकांचा राग कागदावर होता, ज्यावर काय लिहिलं आहे ते त्यांना वाचता येत नव्हतं आणि ज्यावर त्यांचा अंगठा होता.

यामागे मोठी कारणं होती. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं तेव्हा तिकडचा कापूस बंद झाला, म्हणून इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, उधारी सैल झाली. १८६५ साली युद्ध संपलं, भाव कोसळला. इंग्रज सरकारनं सारा मात्र वाढवूनच ठेवला. शेतकरी दोन्हीकडून चेपला गेला. म्हणजे हजारो मैलांवरच्या लढाईचा भाव आपल्या नगरच्या कुणब्यानं भरला. सगळे सावकार लबाड होते असं मी म्हणत नाही, दुष्काळात दाणे देणारेही होते. पण चार वर्षांनी, १८७९ साली, सरकारला शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी वेगळा कायदा करावा लागला. आपल्या वह्यांवर विश्वास उरला नाही म्हणून कायदा करावा लागला, ही आपल्या व्रताला शोभणारी गोष्ट आहे का? माझ्या आजेसासूबाई "सुप्याचं" म्हणून काहीतरी कुजबुजत असत. मुलांसमोर विषय काढायचा नाही असा दंडक होता. मला वाटतं काढायला हवा होता.

आता पुरुषांना पुरेसं बोलले. आपल्याकडे वळते, म्हणजे माझ्याकडे.

दोन वर्षांपूर्वीच्या चातुर्मासात आमच्या महिला मंडळात एका ताईंचं मासखमण झालं. पारण्याला प्रभावना काय द्यायची यावर चर्चा झाली. प्लास्टिक नको, कापडी पिशव्या देऊ, म. सा. पण प्रसन्न होतील, आणि गावातल्या बचत गटाला काम मिळेल. किती छान विचार! मी खजिनदार होते. बचत गटाच्या बायकांनी एक दर सांगितला. मी म्हटलं, "अहो, धर्माचं काम आहे, जरा बघा." त्यांनी कमी केला. मंडळातल्या आणखी एकीनं अजून कमी करून घेतला. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलो, जिंकल्यासारख्या. पिशव्या वेळेवर आल्या, शिवण पक्की होती. पैसे आम्ही दिले तीन महिन्यांनी. का? कारण देणग्यांचा हिशेब व्हायचा होता, मग दिवाळी आली, मग कुणी गावाला गेलं. त्या गटातल्या एकीनं कापडासाठी महिन्याला शेकडा पाच टक्क्यांनी पैसे उचलले होते हे मला नंतर कळलं. तीन महिन्यांचं व्याज भरून तिच्या हातात शिलाईचं काय उरलं असेल, तो हिशेब मी एका रात्री वहीच्या मागच्या पानावर मांडला. आम्ही जेवढं घासाघीस करून वाचवलं, जवळपास तेवढंच तिचं बुडालं होतं. आणि त्याच बैठकीत आम्ही जीवदयेसाठी पांजरपोळाला अकरा हजार देण्याचा ठराव केला होता. टाळ्या वाजवून.

पर्युषण संपल्यावर मी सगळ्यांना मिच्छामि दुक्कडं म्हटलं. तिला म्हटलं नव्हतं. ती आपल्यातली नाही ना.

जगात या गोष्टीला एक नाव आहे, फेअर ट्रेड. आपण न्याय्य व्यापार म्हणू. १९८८ साली हॉलंडमध्ये एका कॉफीच्या पुड्यावर पहिल्यांदा असा शिक्का बसला. कॉफी होती मेक्सिकोच्या डोंगरातल्या गरीब आदिवासी शेतकऱ्यांच्या सहकारी संघाची. शिक्क्याला नाव दिलं ते १८६० सालच्या एका डच कादंबरीचं, जावा बेटावरच्या कॉफी पिकवणाऱ्यांवर झालेल्या जुलमाची ती कथा. या व्यापाराचे नियम मी समजून घेतले तेव्हा मला त्यात परकं काही दिसलं नाही. उत्पादन खर्च निघेल असा किमान भाव ठरलेला. बाजार पडला तरी त्याखाली जायचं नाही, बाजार चढला तर चढा भाव द्यायचा. त्यावर थोडी जादा रक्कम, पण ती कुणा साहेबाच्या मर्जीनं खर्च होत नाही, शेतकरी सभेत बसून ठरवतात, विहीर करायची की शाळेची खोली. शेतकऱ्यानं मागितली तर आगाऊ रक्कम द्यायची, कॉफीत तर कराराच्या साठ टक्क्यांपर्यंत. एका हंगामापुरतं नातं नाही, वर्षानुवर्षांचं. आपल्याकडे विदर्भात, तेलंगणात, ओडिशात छोट्या कापूस शेतकऱ्यांना घेऊन चेतना ऑरगॅनिक २००४ पासून या वाटेनं काम करते आहे. मुंबईत अंधेरीला क्रिएटिव्ह हँडिक्राफ्ट्स आहे, १९८४ पासून. वस्तीतल्या बायका शिवतात आणि त्यांचं शिवण परदेशातल्या न्याय्य व्यापाराच्या दुकानांत जातं.

म्हणजे बघा, युरोपातली एक बाई, जिनं धारावी बघितली नाही की कांदिवली बघितली नाही, ती दोन पैसे जास्त मोजून शिक्का असलेली पिशवी घेते, कारण शिवणारीला पुरा दाम मिळावा. आणि आम्ही, शिवणारीच्या घरापासून चार किलोमीटरवर बसून, तिच्या दरातून पैसे कापले. वर प्रभावना म्हणून पुण्य घेतलं.

त्या शिक्क्याचे दोष मला माहीत आहेत. शिक्का मिळवायला फी लागते, कागदपत्र लागतात, अगदी गरिबाला ते जमत नाही. पण शिक्का कुणाला लागतो? ज्याला पिकवणारा दिसत नाही त्याला. आपल्याला दिसतो. तो आपल्या ओट्यावर येऊन बसतो, पाणी मागतो. आपल्याला शिक्का नको, फक्त काटा सरळ हवा आणि पैसे वेळेवर हवेत.

हे मी मंडळात बोलले तेव्हा काय काय ऐकलं ते सांगते. "समाजाचा पैसा आहे, काटकसर करायला नको?" करा ना. जेवणात तेरा पदार्थ होते, त्यातले चार कमी करा. फुलांच्या कमानी नकोत, आपल्याला तर हिंसेच्या दृष्टीनंही नकोत. काटकसर नेमकी शिवणारीच्या मजुरीतच का सुचते? दुसरी म्हणाली, "भाव केला नाही तर मूर्ख समजतात." मॉलमध्ये छापील किमतीला मुकाट कार्ड काढतो तेव्हा आपल्याला कुणी मूर्ख समजत नाही वाटतं. मेथीची जुडी घेऊन उन्हात आलेल्या म्हातारीपुढेच आपली हुशारी जागी होते. तिसरीचं म्हणणं सगळ्यात जुनं, "जास्त दिलं की त्यांना सवय लागते." कसली सवय? पोट भरायची?

एक बाई मात्र खरं बोलल्या. म्हणाल्या, "धंद्यात सगळे असंच करतात, एकट्यानं सरळ चाललं तर दुकान बंद होईल." हे मी खोडून काढत नाही. धंदा अवघड आहे, माहेरी बघितलं आहे. खरेदीदार पैसे अडकवतो, मग आडत्याही अडकतो. पण अवघड म्हणजे अशक्य नाही. २०१६ च्या जुलैत सरकारनं फळं-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायचं ठरवलं तेव्हा बाजार बंद पडले होते, आता व्यापार बुडाला म्हणून ओरड झाली होती. बुडाला का? दुकानं आहेत, गाड्या बदलल्या आहेत. (त्याच वर्षी एप्रिलमध्ये शिंगणापूरचा चौथरा बायकांना खुला झाला, तेव्हाही काहीतरी भयंकर होणार होतं.) श्रीमद राजचंद्रांची गोष्ट आपण पाठशाळेत मुलांना सांगतो. मुंबईचे जवाहिरे. सौदा झाला, भाव असा फिरला की समोरचा व्यापारी देशोधडीला लागला असता, तर त्यांनी करारच फाडून टाकला. मुलांना सांगतो आणि दुकानात गेल्यावर विसरतो. ते जवाहिरेच होते, दीक्षा घेतलेले साधू नव्हते.

दानाला माझा विरोध नाही. नगरची आपली इस्पितळं, पांजरपोळ, चारा छावण्या, दुष्काळातले टँकर, हे आपल्या समाजानं केलं आहे आणि अभिमान आहे. पण ज्याचा कडता कापला त्यालाच नंतर मोफत चष्मा दिला, तर तो चष्मा कुणाच्या पैशाचा? त्याच्याच. वर त्याच्याकडून हात जोडून घेतले आणि फोटो काढला. पुरा दाम मिळाला असता तर तो स्वतःच्या पैशानं चष्मा घेऊन ताठ मानेनं बाहेर पडला असता. आपल्या नावाची पाटी लागली नसती, एवढाच फरक.

आपण दुकानात बसत नाही, आपल्याला कोण विचारतं, असं म्हणू नका. रात्री जेवताना वाढणारी आपणच असतो. "आज पट्ट्या सगळ्यांच्या दिल्या का?" एवढं विचारायला काय जातं? पहिल्या दिवशी आमच्या ह्यांनी भुवया उंचावल्या. चौथ्या दिवशी स्वतःहून सांगितलं.

पिशव्यांचं सांगते. या चातुर्मासाला पुन्हा तोच गट आहे. मागचे जे कापले होते ते मी आणि माझ्या जोडीदारणीनं मंडळाच्या खात्यातून नाही, आमच्या दोघींच्या पैशातून, व्याजासकट देऊन आलो. त्या बाईनं पैसे मोजून घेतले. मला बरं वाटलं की मोजले. चहा दिला. मी मिच्छामि दुक्कडं म्हटलं आणि अर्थ सांगितला, तर म्हणाल्या, "राहू द्या भाभी, पण या खेपेला कापडाचे पैसे आधी द्याल का?"

तर रविवारी दुपारी तीनला स्थानकात बैठक आहे. बचत गटाच्या तिघी येणार आहेत. त्या पाटावर आपल्या शेजारी बसतील, दारात नाही. कापड किती, दोरा किती, दिवसाला किती पिशव्या होतात, हे त्या सांगतील आणि मग दर ठरेल. कापडाचे पैसे त्याच दिवशी, उरलेले पिशव्या हातात पडतील तेव्हा. रुईच्या माळा करणाऱ्या बाईंनाही बोलावलं आहे, त्यांना शिवण येतं असं कळलं. ज्यांच्या घरात आडत आहे त्यांनी गेल्या हंगामातली एखादी पट्टी सोबत आणा. नाव झाकून आणलीत तरी चालेल.